निर्मितीचे स्तंभ (गरुड तेजोमेघ)

निर्मितीचे स्तंभ : भुजंग तारकासमूहातील गरुड तेजोमेघात (मेसिए १६) उभे असलेले वायू आणि धुळीचे तीन खांब. पृथ्वीपासून अंतर सुमारे ६,५०० प्रकाशवर्षे. सर्वांत उंच खांब चार ते पाच प्रकाशवर्षे लांब आहे, म्हणजे सूर्यापासून त्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंत जवळजवळ पोहोचेल एवढा. छायाचित्रात तो कातळासारखा भक्कम दिसतो, पण त्यातला वायू आपल्या हवेपेक्षा अब्जावधी पटींनी विरळ आहे. इतक्या प्रचंड जाडीचा थर असल्यामुळेच त्यातली धूळ मागचा प्रकाश अडवते.

हे खांब म्हणजे झिजेतून उरलेला भाग. जवळच्या एनजीसी ६६११ या तारकागुच्छातील तरुण, अतितप्त ताऱ्यांचे अतिनील किरण भोवतालचा वायू तापवून उडवून लावतात. जिथे वायू दाट होता तिथे तो टिकला आणि त्याच्या आडोशाला मागची शेपटी वाचली. खांबांच्या कडांवरून निघणाऱ्या धूसर वाफा याच झिजेच्या. दाट गाठींच्या पोटात मात्र नवे तारे तयार होत आहेत. नाव पडले ते त्यामुळे.

हबल अवकाश दुर्बिणीने हे दृश्य १ एप्रिल १९९५ रोजी टिपले. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांचे हे निरीक्षण. १९९० मध्ये सोडलेल्या हबलच्या २.४ मीटर आरशाला चुकीचा आकार दिला गेला होता. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी तो दोष भरून काढणारा नवा कॅमेरा बसवला. हे चित्र त्याच कॅमेऱ्याचे. चित्राचा एक कोपरा पायऱ्यांसारखा कापलेला दिसतो, कारण कॅमेऱ्याच्या चार भागांपैकी एक भाग अधिक बारकाईने पाहणारा होता. त्याची प्रतिमा इतरांच्या मापात बसवताना लहान करावी लागली.

रंगांविषयी नेहमी शंका घेतली जाते, आणि ती रास्त आहे. ऑक्सिजनचा प्रकाश निळा, हायड्रोजनचा हिरवा आणि गंधकाचा लाल दाखवला आहे. प्रत्यक्षात हायड्रोजन आणि गंधक या दोघांचाही इथे टिपलेला प्रकाश लालच आहे, डोळ्याला त्यांतला फरक जेमतेम कळेल. तो वेगळा काढून दाखवण्यासाठीच रंग वाटून दिले. याला बनवाबनवी म्हणणे अन्यायाचे होईल. कुठे कोणता वायू किती तापला आहे, हे या रंगांवरूनच वाचता येते.

जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने ऑक्टोबर २०२२ मध्ये तेच खांब अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या लालपलीकडच्या प्रकाशात दाखवले. तिचा आरसा ६.५ मीटरचा, मुक्काम पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर. निकट-अवरक्त प्रकाश धुळीतून बराचसा आरपार जातो, त्यामुळे हबलच्या चित्रातले काळे खांब इथे अर्धपारदर्शक झाले आणि पार्श्वभूमी ताऱ्यांनी गच्च भरली. कडांना दिसणारे लालभडक ठिपके म्हणजे नुकते जन्मलेले तारे. काही टोकांवरच्या लाव्हासारख्या लाल लाटा, आत अजून घडत असलेल्या ताऱ्यांनी फेकलेल्या झोतांमुळे उठल्या आहेत. मध्य-अवरक्त चित्रात उलट घडते : बहुतेक तारे लोपतात आणि धूळच प्रमुख होते. माहिती वेबच्या चित्रांत जास्त, पण खांबांचा उभा दरारा हबलच्याच चित्रात आहे.

हे खांब आता शिल्लक आहेत का? आपल्याला दिसतो तो त्यांचा सुमारे ६,५०० वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश. २००७ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीला दिसलेल्या तप्त धुळीवरून, एका अतिनवताऱ्याच्या (फुटून संपणाऱ्या ताऱ्याच्या) स्फोटाने ते केव्हाच उडाले असावेत, असा तर्क मांडला गेला. तो फारसा टिकला नाही. चिलीतील व्हीएलटी दुर्बिणीच्या २०१५ मधील मोजमापानुसार खांबांत एकूण सुमारे २०० सूर्यांएवढे वस्तुमान आहे आणि दर दहा लाख वर्षांत त्यातले ७० सूर्यांएवढे झिजते. म्हणजे आणखी सुमारे ३० लाख वर्षे तरी काळजी नाही.

महाराष्ट्रातून मेसिए १६ पाहणाऱ्यांची अडचण वेगळीच. तो रात्रभर दिसतो जून-जुलैत, नेमका पावसाळ्यात. म्हणून एप्रिल-मे महिन्यांतली पहाट किंवा ऑक्टोबरची संध्याकाळ गाठावी लागते. धनू राशीच्या उत्तरेला द्विनेत्रीतून तारकागुच्छ सापडतो. खांब ओळखायला मात्र मोठी दुर्बीण, काळेकुट्ट आकाश आणि सराव लागतो.