करंगळीला सोबत हवी

मालवणात माझ्याकडे बेस गिटार शिकायला येणारा एक मुलगा सकाळी रापणीचं मोठं मासेमारीचं जाळं ओढायला जातो. दोरानं घट्टे पडलेले, दणकट हात. तरी पहिल्याच आठवड्यात त्याची करंगळी दुखायला लागली आणि सूर किरकिरतच राहिला. "सर, जोर लावतंय तरी वाजत नाय," तो म्हणाला. मी त्याचं बोट धरून पडद्याकडे, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीकडे, जेमतेम एक सेंटिमीटर सरकवलं. सूर स्वच्छ आला, आणि जोरही आधीपेक्षा कमी लागला.

माशांची टोपली काठीला अडकवून दोघं जण नेतात, तेव्हा टोपली ज्याच्या जवळ असते त्याच्या खांद्यावर जास्त भार येतो. बोटाच्या दोन्ही बाजूंच्या पडद्यांचंही साधारण तसंच. सूर ठरतो तो घोडीच्या, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात त्या बाजूच्या, पडद्यावर. बोट त्याच्या अगदी मागे ठेवलं की दाबाचा मोठा वाटा तिथेच जातो. मात्र बोट पडद्याच्या डोक्यावर चढलं, तर आवाज बसतो. जोर किती लागतो हे बघायचं असेल, तर तारेला नुसतं बोट टेकवा, दुसऱ्या हातानं छेडत राहा आणि दाब हळूहळू वाढवा. सूर जिथे उघडेल तिथेच थांबा. त्यापुढचा दाब सगळा फुकट जातो, वर सूरही किंचित चढतो.

आता करंगळी. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडा आणि अनामिका उचलून बघा. जवळजवळ हलत नाही. हाताच्या मागच्या बाजूला बोटं उचलणारे स्नायुबंध एकमेकांना जोडलेले असतात. बोटं वाकवणारे मोठे स्नायू तर बोटांत नसतातच, ते कोपराखालच्या हातात असतात. त्यातल्या खोल स्नायूचा तर्जनीचा भाग बराच स्वतंत्र असतो, पण मधलं बोट, अनामिका आणि करंगळी बऱ्याच अंशी एकत्र बांधलेली असतात. करंगळीला एकटीनं काम करायला लावणं म्हणजे शरीराच्या रचनेशी भांडणं.

त्यात बेसची लांबी. नेहमीच्या बेसवर तारेचा वाजणारा भाग 34 इंच असतो. पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंत अंतर भरतं सुमारे 13 सेंटिमीटर. साध्या इलेक्ट्रिक गिटारवर तेच 10 सेंटिमीटरच्या आत असतं. दर पडद्याला एक बोट हा नियम तिथे सहज जमतो, इथे हात ताणला जातो. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नात डबल बेस (उभं धरून वाजवायचं, व्हायोलिनसारखं मोठं वाद्य) वाजवणारे आणि शिकवणारे फ्रान्झ सिमांडल यांच्या नावानं ओळखली जाणारी पद्धत मला म्हणूनच फार शहाणपणाची वाटते. खालच्या जागी, म्हणजे पहिल्या काही पडद्यांवर, तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी एवढीच वापरायची. अनामिका करंगळीच्या पाठीशी उभी राहते. जी दोन बोटं मुळातच एकत्र हलतात, त्यांना एकत्रच दाबू द्यायचं.

वर, म्हणजे घोडीकडे, जाल तसे पडदे जवळ येतात, कारण प्रत्येक अंतर मागच्यापेक्षा सुमारे साडेपाच टक्क्यांनी आखूड होतं. पाचव्यापासून आठव्यापर्यंत 10 सेंटिमीटर, नवव्यापासून बाराव्यापर्यंत 8. तिथे चार बोटं चार पडद्यांवर आरामात बसतात.

मनगटाकडे मात्र मी सगळ्यात जास्त लक्ष देतो. तिथल्या अरुंद बोगद्यातून 9 स्नायुबंध आणि एक महत्त्वाचा मज्जातंतू जातो. मनगट वाकलं की आतला दाब वाढतो. गिटार गुडघ्यापर्यंत लोंबती ठेवली की डावं मनगट वाकतंच, म्हणून पट्टा आखूड करा. मुंग्या येत असतील, बधिरपणा वाटत असेल, तर वाजवणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

आपल्याकडच्या दमट हवेचाही हिशेब धरायला हवा. पावसाळ्यात लाकूड ओलावा पितं, गिटारची मान किंचित हलते आणि तारांची उंची बदलते. काल सहज निघणारा सूर आज दाबून काढावा लागत असेल, तर आधी मान तपासा, बोटाला दोष देऊ नका.

तो मुलगा आता पहिल्या पडद्यापासून सुरुवात करत नाही. पाचव्यापासून करतो, हात मोकळा झाला की एकेक पडदा खाली येतो. तिसऱ्यापाशी पोचला की अनामिका आपोआप करंगळीला येऊन टेकते.