पार्श्वभूमी : गाव बदलताना मुलाची शाळा आणि अडकलेला दाखला

महाराष्ट्रात कुटुंब एका गावाहून दुसऱ्या गावी गेले की नव्या शाळेच्या ऑफिसात पहिला प्रश्न येतो, "दाखला आणलाय का?" शिक्षण हक्क कायदा पाहिला तर १ एप्रिल २०१० पासून या प्रश्नावर कुणाचाही प्राथमिक प्रवेश अडायला नको. तरीही तो अडतो. त्याचे कारण मुख्याध्यापकांच्या हटवादीपणापेक्षा हजेरीपटाच्या हिशेबात जास्त आहे.

सक्तीच्या शिक्षणाचे जुने कायदे हद्दीपुरते होते. कोल्हापूर संस्थानाने १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, मुंबई प्रांताने १९१८ मध्ये नगरपालिकांना तशी मुभा दिली, आणि १९४७ च्या कायद्याने ती चौकट राज्यभर रुंदावली. साठच्या दशकातल्या शिक्षण आयोगाने शेजारशाळेची कल्पना मांडली. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क ठरले. पण वर्षाच्या मधेच शाळा बदलणाऱ्या मुलाचा हक्क स्वतंत्रपणे लिहिला गेला तो २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, कलम ५ मध्ये.

सगळा गुंता एका कागदाच्या नावात आहे. कायद्याच्या इंग्रजी मसुद्यातला शब्द बदलीचा दाखला सांगतो. आपल्याकडे छापील कागदावर मात्र "शाळा सोडल्याचा दाखला" असते. बोलताना कुणी एलसी म्हणतो, कुणी टीसी. त्यात भर म्हणजे बोनाफाईड आणि निर्गम उतारा. बोनाफाईड म्हणजे मूल सध्या या शाळेत शिकते एवढेच प्रमाणपत्र. निर्गम उतारा म्हणजे जनरल रजिस्टरमधल्या, शाळेच्या मूळ नोंदवहीतल्या, त्या मुलाच्या ओळीची नक्कल, आणि तो मूल शाळेत असो वा नसो, मागता येतो. दाखला या दोन्हींपेक्षा वेगळा : तो दिला की रजिस्टरमध्ये मुलाच्या नावासमोर सोडल्याची तारीख आणि कारण पडते. म्हणून नव्या शाळेत जागा आहे की नाही हे पाहण्याआधीच दाखला काढून ठेवणे धोक्याचे. तिथे जागा नसली तर मूल कागदोपत्री कुठल्याच शाळेत राहत नाही. चौकशीच्या टप्प्यावर बोनाफाईड आणि मागच्या इयत्तेचे प्रगतिपुस्तक पुरते.

या कागदाला महाराष्ट्रात एवढे वजन येण्याचे आणखी एक कारण शाळेच्या बाहेरचे आहे. जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी वाडवडिलांच्या शाळेच्या नोंदी लागतात : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा. पहिलीत कारकुनाने घाईत लिहिलेला एक शब्द नातवंडांपर्यंत पोचतो. दाखला हातात पडला की तिथेच उभे राहून पाच गोष्टी ताडून पाहाव्यात : नावाचे अक्षरन्‌अक्षर, आईचे नाव, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, जन्मस्थळ, आणि जात-पोटजात. मूल पटावर असेपर्यंत दुरुस्ती शाळेमार्फत होऊ शकते. एकदा शाळा सुटली की रजिस्टरला हात लावणे फार अवघड.

कलम ५ म्हणते की कोणत्याही कारणाने शाळा बदलावी लागली, राज्यात किंवा राज्याबाहेर, तर मुलाला बदलीचा हक्क आहे. जुन्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा, उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई. दाखला यायला वेळ लागतो म्हणून नव्या शाळेने प्रवेश लांबवायचा किंवा नाकारायचा नाही. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही, आणि कलम १५ प्रमाणे मुदत उलटून गेली म्हणूनही नाही. ही भाषा इतकी स्वच्छ आहे की पालकांनी तिची छापील प्रत जवळ ठेवलेली बरी.

मात्र कलम ५ मध्येच एक खाच आहे, आणि पालक तिथेच ठेचकाळतात. बदलीचा हक्क सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांपुरता आहे. विनाअनुदानित खासगी शाळा आणि केंद्रीय विद्यालयांसारख्या विशेष गटातल्या शाळा त्यातून वगळल्या आहेत. त्यामुळे खासगी शाळेतल्या पंचवीस टक्के राखीव जागेवर पहिलीत लागलेले मूल तिसरीत दुसऱ्या शहरात गेले, तर ती मोफत जागा त्याच्याबरोबर जात नाही. ज्या गरीब मुलासाठी ही तरतूद केली, त्याच्याच आईबापांना कामासाठी जागा बदलावी लागते. ही उणीव आजही तशीच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला राखीव जागांतून सूट दिली होती. त्यावर मोठा वाद झाला आणि न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती रद्द केली. बदलून येणाऱ्या मुलाचा प्रश्न त्या वादात कुठेच आला नाही.

आता हजेरीपटाकडे. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेत ठरते, आणि त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टपासून नव्वदपर्यंत तीन. म्हणजे एकसष्ट पटाच्या शाळेतून ऑगस्टमध्ये एक मूल गेले तर एक शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो. मार्च २०२४ मध्ये निकष पुन्हा बदलले, पण डोकी मोजून पदे देण्याचे सूत्र तेच राहिले. जुलै ते सप्टेंबर या काळात दाखल्यासाठी "पुढच्या आठवड्यात या" ऐकू येते, त्यामागे बहुधा हा हिशेब असतो. खासगी शाळेत त्याच वाक्यामागे थकलेली फी असते. करोनाकाळात हा प्रकार इतका वाढला की जून २०२१ मध्ये राज्याला दहावीपर्यंत दाखल्याविना प्रवेश देण्याचा वेगळा आदेश काढावा लागला, प्राथमिकसाठी कायद्यात तेच अकरा वर्षे लिहिलेले असताना.

गेल्या दहा वर्षांत कागदाची जागा ऑनलाइन नोंदीने घेतली, आणि दाखल्याची अट मागच्या दाराने परत आली. २०१५ च्या सुमारास राज्याने प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद पोर्टलवर आणली, पुढे यू-डायसमध्येही, म्हणजे देशभरच्या शाळांच्या माहितीच्या केंद्रीय पोर्टलवरही, मुलागणिक माहिती भरली जाऊ लागली. आता नवी शाळा मुलाला वर्गात बसवते, पण जुन्या शाळेने ऑनलाइन सोडेपर्यंत ते नव्या शाळेच्या पटावर येत नाही. पटावर नाही म्हणजे संचमान्यतेत नाही, त्यामुळे नवी शाळाही प्रवेश देताना कां-कूं करते.

इथे वेळ वाचवायचा असेल तर निघण्याआधी जुन्या शाळेतून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक (महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो), मुलाचा पोर्टलवरचा स्टुडंट आयडी आणि कायम शिक्षण क्रमांक, म्हणजे पेन. नवी शाळा पेन आणि जन्मतारीख टाकून मुलाला आपल्याकडे ओढते. दोन ठिकाणी हमखास अडते. जुन्या शाळेने मुलाला ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या पोर्टलवरच्या यादीत, टाकलेलेच नसते, किंवा पुढच्या इयत्तेत चढवलेले नसते, त्यामुळे चौथीचे मूल पोर्टलवर तिसरीत दिसते. दुसरी बाब आधारची : शाळेत आईच्या नावाआधी "सौ." लागलेले किंवा वडिलांचे नाव वेगळ्या स्पेलिंगने गेलेले असले तर पडताळणी फसते. आधार नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्येच स्पष्ट केले. पण पट मोजताना आधार जुळलेली मुलेच धरली जातात, म्हणून शाळा आग्रह धरते. प्रवेश आधी, दुरुस्ती नंतर, हा क्रम पालकांनी सोडू नये. जुनी शाळा दाद देत नसेल तर तिथल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. शहरात हाच अर्ज महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे जातो.

परराज्यातून येणाऱ्यांना दाखल्यावर तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी मागितली जाते. निघण्यापूर्वी ती घेतली नाही तर पुन्हा प्रवास पडतो. पहिलीच्या वयाची तारीखही राज्यागणिक बदलते : महाराष्ट्रात सहा वर्षे ३१ डिसेंबरपर्यंत मोजतात, केंद्रीय विद्यालयात ३१ मार्चला. शिवाय २०२० च्या कायद्यानंतर इथल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, तेव्हा तिसरी-चौथीत येणाऱ्या मुलासाठी शाळा भाषेचा पाया कसा भरून काढणार हे पहिल्याच भेटीत विचारावे.

सर्वात जास्त हाल ऊसतोड, वीटभट्टी आणि बांधकामावरच्या कुटुंबांचे. दिवाळीच्या आसपास गेलेले मूल उन्हाळ्यात परत येते, त्याला दाखला काढणे परवडत नाही, कारण परत त्याच शाळेत यायचे असते. त्यांच्यासाठी गावात हंगामी वसतिगृहे आहेत, आणि सोबत नेण्यासाठी शिक्षण हमी कार्ड. ते दाखवून फडाजवळच्या शाळेत बसता येते, मूळ शाळेतले नाव कायम राहते. कलम ९ प्रमाणे स्थलांतरित मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, आईबापांनी मागे लागण्याची ती गोष्टच नव्हे. गावातून गाडी हलण्याच्या आदल्या दिवशी वर्गशिक्षकाने कार्डावर इयत्ता भरून, शिक्का मारून ते आईच्या हातात दिले नाही, तर मुकादमाच्या तळावर त्या मुलाची इयत्ता सांगणारा कुठलाही कागद उरत नाही.