पुरलेली आठवण साक्ष देते का?

गोदाकाठच्या एका वाड्यात पंचवीस वर्षांपूर्वी खून झालेला आहे. मारेकरी सापडला नाही, पोलिसांनी ‘अ’ समरी (गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही असा अहवाल) पाठवून फाइल बंद केली. तेव्हा आठ वर्षांची असलेली घरातली मुलगी आता परत येते, दिंडी दरवाजातून आत पाऊल टाकते आणि धुपाच्या वासासरशी तिला सगळं आठवतं. हात, चेहरा, मोडलेली बांगडीसुद्धा. रहस्यकादंबऱ्यांना हा क्षण फार प्रिय, आणि वाचताना तो थरारकही वाटतो. पण अशाच क्षणावर विसंबून खऱ्या माणसांना शिक्षा झाल्या आहेत.

1969 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात आठ वर्षांच्या एका मुलीचा खून झाला. वीस वर्षं तपास लागला नाही. 1989 मध्ये तिच्या मैत्रिणीने पोलिसांना सांगितलं, की मला आता आठवतंय, तो खून माझ्या वडिलांनी केला. जवळजवळ तेवढ्याच आधारावर 1990 मध्ये तिचे वडील जॉर्ज फ्रँकलिन दोषी ठरले. 1995 मध्ये ती शिक्षा रद्द झाली. मुलीने सांगितलेले तपशील खुनानंतर वर्तमानपत्रांत छापून आले होते, हे ज्युरीपुढे मांडायची परवानगीच बचाव पक्षाला मिळाली नव्हती. तिला संमोहित केलं होतं, असंही पुढे उघड झालं. तिने वडिलांवर दुसऱ्याही एका खुनाचा आरोप केला होता. त्यातून तर त्यांना डीएनए चाचणीनेच बाहेर काढलं. ही मुलगी खोटं बोलत होती असं मानायचं कारण नाही. तिला ते खरोखर दिसत असणार, आणि अडचण तीच आहे.

त्या खटल्यात बचाव पक्षातर्फे साक्ष दिलेल्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी पुढे एक प्रयोग केला. 24 जणांना त्यांच्या लहानपणीच्या चार गोष्टी लिहून दिल्या. तीन घरच्यांकडून कळलेल्या, खऱ्या. चौथी रचलेली: तू पाच वर्षांचा असताना मॉलमध्ये हरवला होतास. 24 पैकी 6 जणांना ती न घडलेली गोष्ट पूर्ण किंवा अर्धवट ‘आठवली’.

असं का होतं? मेंदूत एखादा प्रसंग अखंड साठवलेला नसतो. दिसलेलं, ऐकलेलं, वास, भीती हे सगळं मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत विखुरलेलं असतं आणि हिप्पोकॅम्पस नावाचा भाग त्याची सांधणी करतो. आठवताना ही जुळणी दर वेळी नव्याने होते. 2000 साली करीम नादेर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लेडू यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात याचा धक्कादायक पुरावा मिळाला. आवाज ऐकला की शॉक बसतो, हे उंदीर शिकले होते. तो आवाज पुन्हा ऐकवला आणि लगेच मेंदूच्या अमिग्डाला या भागात प्रथिनं तयार होणं थांबवणारं औषध दिलं, तेव्हा पक्की झालेली भीतीही विरली. आवाज न ऐकवता औषध दिलं, तर काहीच फरक पडला नाही. म्हणजे आठवण जागी झाली की काही काळ सैल पडते आणि पुन्हा घट्ट व्हावी लागते. त्या सैल अवस्थेत बाहेरचं काहीही तिच्यात मिसळू शकतं.

नाशिककरांना याचा पडताळा घरबसल्या घेता येईल. 2008 च्या पुरात गोदापात्रातला दुतोंड्या मारुती (ज्यावरून लोक पुराचा अंदाज घेतात ती मूर्ती) कुठवर बुडाला होता, हे घरातल्या चौघांना वेगवेगळं विचारा. मग 2016 आणि 2019 चे पूर विचारा. यातलं डोळ्यांनी किती पाहिलं, मोबाइलवरच्या व्हिडिओत किती आणि शेजाऱ्यांच्या तोंडून किती, हे सांगताना भलेभले अडखळतील. प्रसंग लक्षात राहतो, तो कुठून आला हे मात्र पुसट होतं.

खुनासारखा भयंकर प्रसंग मन पुरून टाकतं, ही कल्पना लोकांना पटते. प्रत्यक्षात बहुतेकांची व्यथा उलटी असते: विसरायचं असूनही विसरता येत नाही. भीतीच्या क्षणी अमिग्डाला आठवणीचा गाभा घट्ट करते, पण लक्ष सुऱ्यावर खिळलेलं असेल तर चेहरा निसटतो. वर्षानुवर्षं मनात न आलेली खरी गोष्ट एखाद्या वासाने आठवणं शक्य आहे, हे मी नाकारत नाही. मात्र ती खरी की नकळत मनात रचली गेलेली, हे आठवणाऱ्याच्या खात्रीवरून, अश्रूंवरून किंवा तपशिलांच्या रेखीवपणावरून ओळखता येत नाही.

मग थेट मेंदूलाच विचारलं तर? आपल्याकडे तेही झालं. 2008 मध्ये पुण्यातल्या एका खून खटल्यात सत्र न्यायालयाने ‘ब्रेन मॅपिंग’चा (मेंदूतल्या विद्युत लहरी टिपून आठवण तपासायचा दावा करणाऱ्या चाचणीचा) अहवाल शिक्षेसाठी ग्राह्य धरला होता. 2010 मध्ये सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या संमतीशिवाय करण्यास मनाई केली. मला तो निकाल विज्ञानाच्या बाजूनेही योग्य वाटतो, कारण प्रत्यक्ष अनुभव आणि मनात घट्ट बसलेली कल्पना यांत अशा चाचण्या भरवशाने फरक करू शकत नाहीत.

नाशिकच्या त्र्यंबक रोडवरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत राज्यभरातले उपनिरीक्षक घडतात. त्यांच्या हाती येणाऱ्या पुराव्यांत सर्वांत नाजूक पुरावा साक्षीदाराच्या डोक्यात असतो. घटनास्थळ जसं दोरी बांधून राखतात, तसंच तेही राखायला हवं. साक्षीदारांना एकाच बाकावर गप्पा मारत बसू देऊ नये. पहिला जबाब लवकर घ्यावा, मध्ये न तोडता, ‘काय दिसलं ते तुमच्या पद्धतीने सांगा’ असं म्हणून. प्रश्नातले शब्दही जपून वापरावेत. लॉफ्टस यांच्या 1974 च्या प्रयोगात अपघाताची फिल्म पाहिलेल्या एका गटाला गाड्या ‘आपटल्या’ तेव्हा वेग किती होता असं विचारलं, दुसऱ्याला ‘चक्काचूर झाल्या’ तेव्हा किती. आठवड्याने, फुटलेली काच दिसली का असं विचारल्यावर पहिल्या गटातल्या 50 पैकी 7 जण ‘हो’ म्हणाले, दुसऱ्यातले 16. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच.

ओळख परेडआधी संशयिताचा फोटो दाखवला, तर साक्षीदार पुढे तो फोटोच ओळखतो. नीट घेतलेल्या पहिल्या परेडमध्ये साक्षीदार किती ठाम होता, याला खरी किंमत आहे. कोर्टात कित्येक वर्षांनी आलेल्या ठामपणाला तेवढी नाही.

आणि तरीही पंचवीस वर्षांनी कुणी म्हणालं, मला आठवलंय, तर त्याला हाकलून देऊ नये. सांगेल ते जसंच्या तसं लिहून घ्यावं आणि त्या काळातल्या वर्तमानपत्रांच्या फायली काढाव्यात. बातम्यांत आलेले तपशील बाजूला ठेवावेत. उरलेल्यांतला एखादा जुन्या पंचनाम्यात असेल, किंवा त्याच्या आधारे मुद्देमालातल्या एखाद्या कपड्याची डीएनए चाचणी करता येत असेल, तर बंद फाइल पुन्हा उघडायला तेवढं कारण पुरेसं आहे.