'विचफाइंडर जनरल' आणि 'द ऑब्लाँग बॉक्स': यातला मायकल रीव्ह्जचा कोणता?

जुने ब्रिटिश भयपट शोधून बघणाऱ्यांची या दोन सिनेमांत हमखास गल्लत होते, आणि दोष त्यांचा नाही. दोन्हींत भयपटांचा गाजलेला अमेरिकन नट व्हिन्सेंट प्राइस आहे. दोन्हींत हिलरी ड्वायर आणि रूपर्ट डेव्हिस आहेत. कॅमेरा दोन्हीकडे जॉन कोक्विलॉननं सांभाळलेला, अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या कंपनीचा पैसा दोन्हींत, आणि अमेरिकेत दोन्हींच्या जाहिरातींवर भयकथालेखक एडगर ॲलन पोचं नाव. एक 1968चा, दुसरा 1969चा. पहिला ब्रिटिश दिग्दर्शक मायकल रीव्ह्जचा; भरीत भर म्हणजे दुसराही आधी तोच करणार होता. प्रत्यक्षात तो दुसरा केला गॉर्डन हेस्लरनं.

पोच्या नावाचा घोळ आधी निस्तरू. 1960 ते 1964 या काळात दिग्दर्शक रॉजर कॉर्मननं प्राइसला घेऊन पोच्या कथांवर केलेले सिनेमे या कंपनीसाठी चांगलेच चालले होते. तेव्हापासून पो म्हणजे तिथे चालतं नाणं. 'विचफाइंडर जनरल' हा रोनाल्ड बॅसेटच्या 1966च्या कादंबरीवर बेतलेला. पोचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. पण अमेरिकेत तो लागला तो 'द काँकरर वर्म' या पोच्या कवितेच्या नावानं, आणि त्या प्रतीत प्राइसच्या आवाजात कवितेच्या ओळी चिकटवल्या. 'द ऑब्लाँग बॉक्स' या नावाची पोची कथा मात्र खरोखर आहे. जहाजावरची एक लांबट पेटी आणि तिच्यातला मृतदेह, असा तिचा गाभा. सिनेमात जहाजही नाही आणि ती कथाही नाही. शीर्षक आणि एक शवपेटी एवढंच उरलंय.

आता रीव्ह्ज. जन्म ऑक्टोबर 1943चा. घरचा वारशाचा पैसा होता आणि शाळकरी वयापासून सिनेमाचं वेड. अमेरिकन दिग्दर्शक डॉन सीगल हे त्याचं दैवत; पोरवयातच तो थेट सीगलच्या दारात जाऊन उभा राहिला होता. इटलीत दुय्यम कामं करता करता 1966मध्ये त्याला पहिला सिनेमा मिळाला, 'द शी बीस्ट'. त्यात बार्बरा स्टीलसारखी नटी एका दिवसापुरती मिळाली होती, आणि सिनेमाही तसाच ओढूनताणून पुरा केलेला वाटतो. 1967चा 'द सॉर्सरर्स' मात्र चकित करणारा आहे. म्हातारा बोरिस कारलॉफ आणि त्याची बायको (कॅथरीन लेसी) एका तरुणाच्या मनाचा ताबा घेतात, आणि त्यानं केलेली हिंसा घरबसल्या स्वतः अनुभवतात. बायकोला त्याची चटक लागते. पडद्यावरच्या मारामारीची मजा घेणाऱ्या प्रेक्षकालाच रीव्ह्ज इथे आरसा दाखवतोय, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

मग 'विचफाइंडर जनरल'. टिगॉन या छोट्या ब्रिटिश कंपनीचा, सप्टेंबर ते नोव्हेंबर 1967मध्ये इंग्लंडमधल्या सफोकच्या मोकळ्या रानात आणि लॅव्हनमसारख्या जुन्या गावात चित्रित झालेला. पटकथा रीव्ह्जची आणि त्याचा मित्र टॉम बेकरची (हा 'डॉक्टर हू' या टीव्ही मालिकेतला नट टॉम बेकर नव्हे, ही आणखी एक नेहमीची गल्लत). काळ 1645चा, इंग्लंडमध्ये यादवी युद्ध पेटलेलं. मॅथ्यू हॉपकिन्स गावोगाव फिरून चेटकिणी 'शोधतो' आणि त्याबद्दल पैसे घेतो. हा हॉपकिन्स खराखुरा होऊन गेला. सिनेमात त्याच्या हातून मरणारा पाद्री जॉन लोझही खरा, 1645मध्ये फासावर गेलेला. पण खरा हॉपकिन्स पंचविशीच्या आसपासचा होता आणि 1647मध्ये आजारानं मेला. त्याची भूमिका करणारा प्राइस चित्रीकरणावेळी 56 वर्षांचा. इंग्लंडमध्ये चेटकिणींना सहसा फाशी देत. आगीत सोडण्याचा तो भयंकर प्रसंग सिनेमाचा.

रीव्ह्जला या भूमिकेसाठी ब्रिटिश नट डोनाल्ड प्लेझन्स हवा होता. पैसे देणाऱ्या अमेरिकन कंपनीनं प्राइस लादला. सेटवर दोघांचं अजिबात जमलं नाही. प्राइसची भुवया उडवण्याची, शब्द घोळवण्याची सवय रीव्ह्जनं एकेक करून मोडून काढली. परिणाम असा की प्राइस इथे जवळजवळ काहीच 'करत' नाही, आणि म्हणूनच अंगावर येतो. तयार सिनेमा बघून प्राइसनं त्याला कौतुकाचं लांबलचक पत्र पाठवलं, हे त्याच्या मोठेपणाचं.

या सिनेमात चेटूक नाही, भूत नाही. हिरवीगार शेतं, पॉल फेरिसचं हळवं संगीत, आणि त्यात माणसं माणसांना छळतात. लेखक ॲलन बेनेटनं 'द लिसनर' साप्ताहिकात त्यावर सडकून टीका केली. रीव्ह्जनं उत्तर दिलं. त्याचा रोख असा की हिंसा ओंगळच दिसली पाहिजे, गंमतशीर दाखवणं हेच खरं अनैतिक. शेवट तेच सांगतो. इयन ओगिल्व्हीचा तरुण सैनिक हॉपकिन्सवर कुऱ्हाडीचे घाव घालत सुटतो, एक सोबती दयेपोटी हॉपकिन्सला गोळी घालतो, आणि नायक ओरडतो की तू त्याला माझ्याकडून हिरावून घेतलंस. नायक वेडा झालेला असतो.

'द ऑब्लाँग बॉक्स'ची जातकुळी वेगळी. हवेली, माडीवर कोंडून ठेवलेला विद्रूप भाऊ, जिवंतपणी दफन, प्रेतं चोरणारे, आणि शहरात खून करत फिरणारा लाल बुरख्यातला माणूस. इथे जादूटोणा खरा असतो. क्रिस्टोफर ली आणि प्राइस पहिल्यांदाच एका सिनेमात आले, पण समोरासमोर येतात ते जेमतेम एका प्रसंगात. प्राइसही पुन्हा आपल्या ओळखीच्या, हळहळणाऱ्या उमरावाच्या रूपात. तरी एक गोष्ट याच्या बाजूनं मांडायला हवी: आफ्रिकेतल्या मळ्यावर गोऱ्या मालकानं केलेला गुन्हाच सगळ्या भोगाच्या मुळाशी आहे, आणि शिक्षा झाली ती भलत्याच भावाला. वसाहतींचं पाप असं घरात आणून ठेवणारे भयपट तेव्हा थोडेच होते. रचना ढिली आहे, मधला अर्धा तास रेंगाळतो, पण सिनेमा टाकाऊ नाही.

या सिनेमाची तयारी चालू असताना रीव्ह्ज नैराश्यानं खचला होता. चित्रीकरणाच्या तोंडावर तो बाजूला झाला आणि हेस्लरनं सूत्रं घेतली. 11 फेब्रुवारी 1969ला दारू आणि झोपेच्या गोळ्यांच्या अतिमात्रेनं रीव्ह्ज गेला, वय 25. आत्महत्येच्या कहाण्या अजून फिरतात; चौकशीचा निष्कर्ष मात्र अपघाती मृत्यू असाच होता.

बघायला बसताना एवढं लक्षात ठेवा. सुरुवातीला प्राइस कविता म्हणू लागला, तर ती 'विचफाइंडर जनरल'चीच अमेरिकन प्रत. सिंथेसायझरचं संगीत वाजू लागलं, तर ती 1980च्या दशकात व्हिडिओसाठी संगीत बदललेली प्रत. ती बंद करून फेरिसचं संगीत असलेली शोधा. आणि प्राइस चेटकिणींच्या मागे लागलाय पण काळ पहिल्या एलिझाबेथ राणीचा दिसतोय, तर तो तिसराच सिनेमा, 1970चा 'क्राय ऑफ द बॅन्शी'. तोही हेस्लरचाच.