ध्रुवतारा, दोन अंशांची चूक आणि मेरीलँडची सीमा

दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर एक गोष्ट फिरत येते. अमेरिकेतले गुलाम पळून जाताना म्हणे वाटेतल्या घरांच्या कुंपणांवर वाळत घातलेल्या गोधड्या बघत जायचे. गोधडीच्या नक्षीत खुणा असायच्या: इकडे वळा, इथे थांबा, पुढे धोका आहे. गोष्ट गोड आहे म्हणून पसरते, पण तिला पुरावा नाही. ती लोकप्रिय झाली १९९९ साली आलेल्या एका पुस्तकामुळे. फिलाडेल्फियात विल्यम स्टिल हा कृष्णवर्णीय कार्यकर्ता पळून आलेल्या शेकडो माणसांची नावं, गावं आणि प्रवासाच्या हकिगती टिपून ठेवत होता. त्याच्या नोंदींत या सांकेतिक गोधड्या कुठेही नाहीत. सप्तर्षींच्या आधाराने रस्ता सांगणारं म्हणून जे गाणं दाखवतात, त्याची पहिली छापील नोंदही १९२८ ची आहे. गुलामगिरी १८६५ मध्येच संपली होती.

मला या गोष्टींचा राग येतो, कारण त्यांच्यामुळे खरी गोष्ट मागे पडते आणि ती कितीतरी मोठी आहे. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं कायद्याने गुन्हा होता. नकाशा नाही, होकायंत्र नाही, गावाबाहेरचा रस्ता माहीत नाही. तरी उत्तर कुठे आहे हे आकाशात बघून ठरवता येतं, हे त्यांच्यातल्या कितीतरी जणांना ठाऊक होतं. स्वतः १८३८ मध्ये मेरीलँड राज्यातून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४७ मध्ये रॉचेस्टरला वर्तमानपत्र काढलं, त्याचं नावच 'नॉर्थ स्टार', म्हणजे ध्रुवतारा.

त्याच मेरीलँडच्या डॉर्चेस्टर परगण्यातली हॅरिएट टबमन ही गुलाम स्त्री १८४९ मध्ये पळाली. तिला पकडण्यासाठी मालकिणीने छापलेली जाहिरात आज उपलब्ध आहे. तिचं लहानपणीचं नाव मिंटी. वय सुमारे २७, उंची पाच फूट, रंग तपकिरी. ती आणि तिचे दोन भाऊ राज्याबाहेर सापडले तर प्रत्येकी १०० डॉलर, राज्यातच सापडले तर ५०. भाऊ घाबरून मागे फिरले आणि तिलाही घेऊन आले. त्यानंतर ती एकटी निघाली आणि गुलामगिरी नसलेल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात पोचली.

आता ताऱ्याकडे वळू. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात हमखास ऐकू येणारा गैरसमज म्हणजे ध्रुवतारा सगळ्यात तेजस्वी असतो. तो पहिल्या चाळिसांतही बसत नाही. तो शोधावा लागतो: सप्तर्षींच्या चौकोनातले पुलह आणि क्रतू जोडायचे आणि तीच रेघ साधारण पाचपट पुढे न्यायची. शिवाय आपल्याकडे तो क्षितिजाजवळच्या धुरकट हवेत असतो, म्हणून चटकन दिसत नाही. मेरीलँडमध्ये तो बराच वर असतो आणि त्यामागचं कारण फार सुंदर आहे.

ध्रुवतारा चारशेहून अधिक प्रकाशवर्षं दूर आहे. त्यामुळे पृथ्वीवर कुठूनही बघा, त्याच्याकडे जाणाऱ्या नजरेच्या रेषा एकमेकींना समांतर असतात आणि पृथ्वीच्या अक्षालाही जवळजवळ समांतर असतात. उत्तर ध्रुवावर उभे राहिलात तर अक्ष बरोबर डोक्यावर जातो, म्हणून तारा ९० अंशांवर. विषुववृत्तावर अक्ष तुमच्या जमिनीला समांतर, म्हणून तारा क्षितिजावर. मधल्या कोणत्याही जागी क्षितिजाची पातळी जितकी कलते तितकाच तारा वर चढतो. म्हणजे ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची हाच त्या जागेचा अक्षांश. पुणे साडेअठरा अंशांवर, डॉर्चेस्टर साडेअडतीसवर. तिथे तारा बरोबर वीस अंश जास्त उंच. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची असते, तेव्हा दोन मुठी. हिवाळ्याच्या सुरुवातीला संध्याकाळी सप्तर्षी तिथेही खाली झाडांच्या आड जातात आणि पहाटेकडे वर चढतात. ध्रुव मात्र रात्रभर झाडांच्या वर राहतो.

बाकीचे तारे आकाशात तासाला पंधरा अंश सरकतात. त्यांतला एखादा समोर धरून रात्रभर चाललेला माणूस वळत वळत भलतीकडेच जाईल. ध्रुव सरकत नाही म्हणतात, पण तेही पुरतं खरं नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याच्या आरीसारखा हळूहळू डोलतो आणि एक डोलणं पुरं व्हायला सुमारे २६,००० वर्षं लागतात. म्हणून आकाशातला खरा उत्तरबिंदू ताऱ्यांमधून सरकत राहतो. आज ध्रुवतारा त्या बिंदूपासून पाऊण अंशाहूनही जवळ आहे. १८५० च्या सुमारास तो जवळजवळ दीड अंश दूर होता आणि त्या बिंदूभोवती दिवसाला एक छोटा फेरा मारत होता.

दीड अंशाने दिशा किती चुकेल? साडेअडतीस अक्षांशावर तारा वर असल्यामुळे हा फरक क्षितिजावर उतरवताना थोडा वाढतो: दीड भागिले अक्षांशाची कोज्या (कोसाइन), म्हणजे जास्तीत जास्त दोन अंश. शंभर किलोमीटर चालल्यावर साडेतीन किलोमीटर बाजूला. त्यातही ही चूक रात्रभर एकाच बाजूला राहत नाही. बारा तासांत तारा आपला निम्मा फेरा पुरा करतो. पूर्वेकडची जास्तीत जास्त चूक गाठून तो पश्चिमेकडे गेला असेल, तर दोन्ही चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात.

आणि ज्या गोष्टीने मी सगळ्यात जास्त हरखतो ती ही: उत्तरेकडे चालणाऱ्याला गाठायची होती ती एक रेघ, एखादं विशिष्ट ठिकाण नाही. मेरीलँड आणि पेनसिल्व्हेनियाची सीमा जवळजवळ सरळ पूर्व-पश्चिम आहे, ३९ अंश ४३ मिनिटांवर. साडेतीन काय, दहा किलोमीटर बाजूला गेलात तरी ती ओलांडलीच. एक अंश अक्षांश म्हणजे १११ किलोमीटर, तेव्हा डॉर्चेस्टरहून सरळ अंतर सुमारे १३५ किलोमीटर. ही रेघ आखली होती चार्ल्स मेसन आणि जेरेमाया डिक्सन या दोघांनी, १७६३ ते १७६७ या काळात, तीही ताऱ्यांची उंची मोजून. जमीनदारांच्या भांडणासाठी ताऱ्यांवरून आखलेली सीमा ऐंशी वर्षांनी तारे बघत ओलांडली गेली.

हॅरिएट नंतर पुन्हा पुन्हा मेरीलँडला जाऊन माणसं सोडवून आणत राहिली. त्यासाठी ती शक्यतो हिवाळा निवडायची. या अक्षांशावर जूनमध्ये संधिप्रकाश वगळला तर पुरता काळोख जेमतेम सव्वापाच तास असतो, डिसेंबरमध्ये अकरा तासांहून जास्त. निघायचं शनिवारी रात्री, कारण पळाल्याची जाहिरात सोमवारच्या आधी छापून येत नसे.

तिच्या डोक्याला लहानपणी मुकादमाने फेकलेलं वजन लागलं होतं. त्यामुळे तिला अचानक झोपेचे झटके येत आणि स्वप्नदृश्यं दिसत. तिची देवावर गाढ श्रद्धा होती आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण तिला दैवी शक्तीने वाटा दिसत असं जे सांगितलं जातं, त्यात तिचं शिक्षण पुसलं जातं. तिचे वडील बेन रॉस लाकूडतोडीच्या कामावर होते, तिनेही जंगलात त्यांच्याबरोबर काम केलं होतं. दलदल, पाऊलवाटा, ओढे तिला पायाखालचे होते.

ढगाळ रात्री काय करायचं? झाडाच्या उत्तर बाजूला शेवाळ असतं, ही युक्ती सगळीकडे वाचायला मिळते. ती अर्धीच खरी आहे. उत्तर गोलार्धात खोडाच्या उत्तर अंगाला ऊन कमी, म्हणून ओल जास्त टिकते. पण दलदलीच्या जंगलात ओल चहूबाजूंनी असते आणि शेवाळही चहूबाजूंनी. त्यापेक्षा नदी भरवशाची. डॉर्चेस्टरची चॉपटँक नदी ईशान्येकडून, डेलावेअर राज्यातून येते. काळोखातही तिचा काठ सोडला नाही आणि उगमाच्या दिशेने चालत राहिलं की डेलावेअर. हॅरिएटनेही हीच वाट धरली असावी असं इतिहासकार मानतात.

अर्थात ताऱ्यावरून फक्त दिशा कळते, कोणत्या दारावर थाप मारायची ते कळत नाही. त्यासाठी माणसं लागली: डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला थॉमस गॅरेट हा क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा व्यापारी, फिलाडेल्फियाला स्टिल, आणि ज्यांची नावं कुठेच नोंदली गेली नाहीत असे कितीतरी कृष्णवर्णीय शेतमजूर, नावाडी, स्वयंपाकिणी. हॅरिएटने ३०० जणांना सोडवलं हा आकडाही फुगवलेला आहे. आजच्या अभ्यासकांच्या मते सुमारे १३ फेऱ्या आणि सुमारे ७० माणसं. मला हा आकडा जास्त थोर वाटतो, कारण त्यातल्या माणसांची नावं बरीचशी माहीत आहेत.

१८५० च्या कायद्याने पेनसिल्व्हेनियाही सुरक्षित राहिलं नाही. पळालेल्याला उत्तरेतही पकडून परत पाठवणं फार सोपं झालं. मग कॅनडातल्या सेंट कॅथरिन्सपर्यंत जाणं आलं, ४३ अंशांच्या वर, आणि फिलाडेल्फियाच्या पुढचा हा पल्ला बरेचदा आगगाडीने व्हायचा. खोल दक्षिणेतल्या बहुसंख्यांना उत्तर गाठणं जवळजवळ अशक्यच होतं. टेक्सासमधल्या काहींनी ध्रुवाकडे पाठ करून रिओ ग्रांदे नदी ओलांडली, कारण मेक्सिकोने १८२९ मध्येच गुलामगिरी रद्द केली होती.