ठेवून घेतलेलं मूल आणि सात घरं

आई मुंबईला केईएममध्ये दाखल, बाप मासेमारीच्या ट्रॉलरवर, घरात दोन शाळकरी मुलं. अशा वेळी कोकणात वाडीतलं कुणीतरी पुढे होतं आणि मुलांना ठेवून घेतं. हे दत्तक घेणं नव्हे. घर सावरलं की मुलं परत जातात. अशा ठेवून घेणाऱ्या घरांना हात देणारे स्वयंसेवक तयार करण्याची पद्धत अमेरिकेत शिकागोला 2003 साली ‘सेफ फॅमिलीज फॉर चिल्ड्रन’ या नावाने सुरू झाली. मुलावरचा हक्क आईबापाचाच राहतो. एक कुटुंब मूल सांभाळतं, दुसरं कुणी कपडे-अंथरूण पुरवतं, तिसरं कुणी अडचणीतल्या आईची विचारपूस करतं.

हे वाचल्यावर मला पहिल्यांदा आठवलं ते वार लावून जेवणं. शिकायला परगावी गेलेला गरीब मुलगा सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असा सात घरी जेवायचा. ही सोय मुख्यतः ब्राह्मण मुलांपुरती होती, आणि कित्येकांना त्या पानावर अपमानही गिळावा लागला. तिचे गोडवे गायचे नाहीत. पण मुलाचा भार कुणा एका चुलीवर पडत नव्हता, हे त्यातलं शहाणपण मात्र खरं.

दुसरा धागा चाकरमान्यांचा. मुंबईत 1854 साली पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी जिल्ह्यातले पुरुष गिरणगावात गेले. बायकामुलं गावी, घर मनीऑर्डरवर. अशा घरात आई तापाने आडवी झाली की शेजारीण पेजेचं भांडं घेऊन यायची, मुलं तिच्या पडवीत झोपायची, शेताचं काम भावकी उरकायची. कुणी कुणाला स्वयंसेवक म्हणत नव्हतं. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांच्या पगाराचा प्रश्न होता. कितीतरी कुटुंबं गावाकडे परतली आणि त्यांचा भार याच वाड्यांनी पेलला.

सरकारची वाट वेगळी होती. 1924 च्या मुंबई मुलांच्या कायद्याने निराधार मुलांसाठी संस्थांचा मार्ग घालून दिला, आणि मुलाची अडचण म्हणजे बालगृह असं समीकरण बरीच वर्षं डोक्यात बसलं. महाराष्ट्राची बाल संगोपन योजना त्याला छेद देणारी ठरली. आजारी, तुरुंगातल्या किंवा एकट्या पालकाच्या मुलाला घरातच वाढू द्यायचं आणि त्यासाठी दरमहा पैसे द्यायचे. ही रक्कम 2023 साली 1,100 वरून 2,250 रुपये झाली. 2015 च्या बाल न्याय कायद्यात तात्पुरत्या पालक कुटुंबाची तरतूद आहे. मूल कुठे ठेवायचं ते बालकल्याण समिती ठरवते, भावंडांना शक्यतो एकत्र ठेवायचं, आणि मुलाच्या हिताला बाध येत नसेल तर आईबापांना भेटता येतं. परक्या घरात मूल ठेवताना समितीला वगळून चालत नाही, हे मदतीला धावणाऱ्यांनी आधी समजून घ्यायला हवं.

पैसा आला, कायदाही आला. आटला तो शेजार. निम्मी घरं गणपती आणि शिमग्यापुरती उघडतात. उरलेल्या घरात सत्तरीची आजी नातवाला सांभाळते, तिचे गुडघे चालत नाहीत आणि योजनेचा अर्ज तालुक्याच्या गावी नेऊन द्यायचा असतो. तिला सल्ल्यापेक्षा अर्ज भरून देणारा, नातवाला दवाखान्यात नेणारा, आठवड्यातून एक संध्याकाळ त्याचा अभ्यास घेणारा माणूस हवा आहे. सात वारांतला एक वार उचलणारा.

आणि ज्यांना इथे वाडीच नाही, त्यांचं काय? आंब्याच्या बागेत राखणीला राहिलेलं नेपाळी जोडपं, वीटभट्टीवर गेलेलं कातकरी कुटुंब. तिथे आई बाळंतपणात अडली तर थोरल्या मुलाला ठेवून घ्यायला ना भावकी, ना आजोळ. गावकीच्या वहीत त्यांचं नावही नसतं. त्यांना ओळखणारी माणसं गावात दोन-तीनच : अंगणवाडी सेविका, आशाताई, शाळेतल्या बाई. स्वयंसेवकांनी कामाची सुरुवात या तिघींना विचारूनच करावी.