दहा टाक्या, दहा हीटर? आधी हे वाचा

एका खोलीत माशांच्या आठ-दहा टाक्या झाल्या आणि थंडी पडली, की आमच्याकडे ठरलेली विचारणा येते: "कमी वीज खाणारा हीटर आहे का?" तसा हीटर नसतो. ५० वॉटचा असो की ३००चा, पाण्यात बुडालेला हीटर घेतलेली सगळी वीज उष्णतेतच बदलतो. बिल ठरतं ते टाकीतून किती ऊब निसटते त्यावर. म्हणून हीटर विकत असूनही आम्ही आधी झाकणाची चौकशी करतो.

पाण्याच्या पातळीवर काचेला मार्करने रेघ मारा आणि दोन दिवसांनी बघा. रेघेखाली गेलेलं प्रत्येक लिटर वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता घेऊन गेलं. तेवढ्यात १०० लिटर पाणी जवळपास पावणेसहा अंशांनी तापलं असतं. नीट बसणारं काचेचं झाकण घाला, वायर आणि नळीपुरती खाच ठेवा. झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब जमून परत टाकीत पडू लागले, की काम झालं. भिंतींना ओल आणि बुरशी धरणंही त्यानेच कमी होतं. मागच्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून थर्मोकोल लावा. टाकीखाली घालायचा असेल तर टाकी रिकामी असतानाच. भरलेली टाकी कधीही उचलू नका.

मग तापमान. खोली १८ अंशांवर आणि पाणी २८ वर असेल तर फरक १० अंशांचा; पाणी २५ वर ठेवलं तर ७ चा. ऊब जाण्याचा वेग साधारण या फरकाच्या प्रमाणात असतो, म्हणजे खर्च जवळपास ३० टक्क्यांनी उतरतो. गप्पी, टेट्रा, कोरिडोरास हे मासे २४-२५ अंशांत मजेत राहतात. डिस्कसला मात्र २८च्या खाली नेऊ नका. आणि बदल सावकाश करा. पाणी एकदम गार झालं की पांढऱ्या ठिपक्यांचा रोग डोकं वर काढतो.

टाक्या बऱ्याच असतील तर आमचं मत स्पष्ट आहे: दाराखिडक्यांच्या फटी बुजवा आणि खोलीच तापवा. हीटिंगची सोय असलेला इन्व्हर्टर एसी बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो. बाहेर फार कडाका नसेल तर एका युनिटमागे साधारण तीन युनिट ऊब मिळते. जास्त ऊब लागणाऱ्या एखाद्या टाकीलाच वेगळा हीटर ठेवा. गरम हवा वर चढते, म्हणून डिस्कस, फायटर वरच्या फळीवर आणि गोल्डफिश खाली. छोटा पंखा संथ फिरवलात तर वरखालचा फरक कमी होईल. एअर पंपही आतच ठेवा, नाहीतर तो रात्रभर बाहेरची गार हवा पाण्यात सोडत राहील.

शेगडी किंवा धूर बाहेर न सोडणारा गॅस हीटर बंद खोलीत लावू नका, कितीही स्वस्त पडला तरी. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. त्यात माणसाचा जीव जातो.

मोठ्या टाकीला एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान घ्या. हीटर आपोआप चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट चालू स्थितीत अडकला तर एकटा लहान हीटर पाणी उकडण्याइतकं लवकर तापवू शकत नाही, आणि एक बंद पडला तर दुसरा रात्र निभावून नेतो. हात पाण्यात घालण्याआधी प्लग काढा.

आमच्याकडे येताना तीन गोष्टी टिपून आणा: प्रत्येक टाकीचे लिटर, त्यातले मासे आणि पहाटे खोलीत मोजलेलं तापमान. तेवढ्यावरून काय घ्यायचं आणि काय घ्यायची गरज नाही, ते सांगतो.